पंचवीस पौंड हवा

माझ्या गॅरेजात डाव्या हाताला एक भिंत आहे. तिच्याबद्दल आधी सांगतो, म्हणजे मी काय लायकीचा माणूस आहे ते लगेच कळेल.

त्या भिंतीवर मी खिळे ठोकले होते आणि खिळ्यांवर गिऱ्हाइकांचे वाया गेलेले टायर टांगले होते. मोटरसायकलचे, आणि फक्त पुढचे. कुणाचा एका कडेने खाल्लेला, कुणाचा लाटालाटांनी झिजलेला, तळहात फिरवला तर बारीक पायऱ्या लागाव्यात असा. प्रत्येक टायरखाली खडूने मालकाचं नाव. खरं नाव नाही, मी ठेवलेलं. ‘घाईगर्दी’. ‘ब्रेकवर उभे’. ‘हवा म्हणजे काय असतं’. येणारेजाणारे वाचून हसायचे. ज्याचा टायर असेल तोही हसायचा. न हसून करतो काय, मी आणखी चार शब्द सुनावले असते.

रस्त्यावर मला सगळे मास्तर म्हणतात. कौतुकाने नव्हे हं. गिऱ्हाईक असलं म्हणून काय झालं, मी सरळ कान उपटतो, म्हणून. गाडी दुरुस्तीला आली की आधी माणसाची हजेरी, मग गाडीची. लोक तरी येत राहिले, कारण काम चोख होतं. निदान मला तसं वाटायचं.

“मागचा टायर इंजिन खातं, पुढचा टायर माणूस खातो.” हे माझं लाडकं वाक्य. दिवसातून चारदा तरी म्हणायचो. पुढचा टायर वाकडातिकडा झिजला की मी आधी गाडी तपासायचो, ते मात्र खरं. हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे का, पुढचे शॉकअप तेल गाळतायत का, चाकाला आऊट आहे का, म्हणजे ते फिरताना डुलतं का. यातलं एक जरी बिघडलं तरी टायर सरळ झिजत नाही. पण गाडी ठीक निघाली की मग उरला कोण? वर बसणारा. मग मी त्याला धरायचो. शेवटची हवा कधी बघितली होती? ब्रेक असा कचकन का दाबता, वैर आहे का गाडीशी? पिशव्या एकाच बाजूला का लटकवता?

आणि शेवटी माझा उपदेश. दर सोमवारी सकाळी, गाडी तापायच्या आत, माझ्याकडे या. पुढच्या चाकात पंचवीस पौंड हवा. चोवीस नको, सव्वीस नको. कमी असेल तर भरून देईन, जास्त असेल तर सोडून देईन. हवेचं काही घेणार नाही. ऐकणारे ऐकायचे. सोमवारी आठ वाजता गॅरेजासमोर दहाबारा गाड्यांची रांग लागायची आणि माझी छाती फुगायची.

हवा मोजायचं माझं गेज उस्तादांचं होतं. पितळेचं, मुठीएवढं, वर घड्याळासारखी सुई. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते उस्ताद गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने मला बोलावून ते दिलं. मी ते दुसऱ्या कुणाला हातात घेऊ द्यायचो नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी ते माझ्याच हातातून निसटून फरशीवर पडलं. काचेला तडा गेला, मी चिकटपट्टी लावली. तेव्हापासून गेज कशाला लावलेलं नसताना सुई शून्यावर टेकायची नाही, तीन बारीक रेघा वरच थांबायची. मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मी मनात म्हणायचो, म्हातारं झालंय बिचारं, बसल्यावर पाय वर घेतं, कामाला लागलं की बरोबर बोलतं. उस्तादांचं गेज चुकतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

आता दादाचं सांगतो.

दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. शिलाई मशीन दुरुस्त करायचं त्याचं काम. शहरात जिथे जिथे कपडे शिवायचे कारखाने आहेत तिथे सगळे त्याला ओळखतात. मोटरसायकलच्या मागे लोखंडी पेटी बांधायची आणि सकाळी निघायचं, हे त्याने चाळीस वर्षं केलं. आमचे वडील लवकर गेले. मला शाळेत घालणारा तो, शाळेतून काढून टाकल्यावर उस्तादांकडे घेऊन जाणारा तो, आणि माझा पहिला पान्यांचा सेट आणून देणारा तोच. मी चोपन्न वर्षांचा घोडा झालो तरी तो मला छोट्या म्हणतो.

त्याचे हात तुम्ही बघायला हवे होते. मशीनच्या सुईत दोरा ओवायचा तो एका फटक्यात, चष्मा न लावता, तुमच्याशी बोलत बोलत. त्याचं अक्षर मोत्यासारखं. आणि स्वभावाने असा, की धाकटा भाऊ मास्तर झाला तर आपण विद्यार्थी व्हायला त्याला लाज नाही. सोमवारी रांगेत पहिली गाडी त्याची असायची. मी एकदा बोलण्याच्या भरात म्हणालो होतो की शहाण्या माणसाने हवेची वही ठेवावी. रांगेतला एकही जण मनावर घेईल तर शपथ. दादाने वही ठेवली. तारीख आणि पुढे ‘पंचवीस’. तारीख आणि पुढे ‘पंचवीस’. पानंच्या पानं.

त्याचा पुढचा टायर पाच महिन्यांत लाटालाटांनी झिजला. मला राग आला. म्हटलं, “दादा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” तो ओशाळला. पुढचा ब्रेक आता जपून मारीन म्हणाला. नवा टायर घातला. तोही पाच महिन्यांत तसाच. आणि आता तो एक गोष्ट सारखी सांगायला लागला.

“छोट्या, हँडल थरथरतं रे. जरा वेग घेतला की हातात मुंग्या येतात.”

मी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. कोनसेट उघडून बघितला, नवा घालून बघितला. शॉकअपचं तेल बदललं. चाक फिरवून आऊट काढली. ॲक्सल आवळण्याआधी पुढचा भाग चारदा दाबून मोकळा केला, म्हणजे दोन्ही शॉकअप सरळ बसतात, ते उस्तादांनी शिकवलेलं. गाडीत खोट म्हणून सापडली नाही. हवा तर मी स्वतः, माझ्या हाताने, दर सोमवारी बघत होतो. मग उरला कोण?

त्या सोमवारी गॅरेजासमोर सातआठ माणसं होती. दादाने पुन्हा तेच काढलं, हँडल थरथरतं म्हणून. माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. मी म्हणालो, “हँडल नाही दादा, हात. हात थरथरतात तुझे.”

कुणीतरी हसलं. आणि मला हसणारा एक मिळाला की मी थांबत नाही, ही माझी जुनी खोड. म्हटलं, “सहासष्ट झाली की आता. टायर खोटं बोलत नाही. हात पुढे कर बघू.”

त्याने केला. भर रस्त्यात, आठ माणसं टक लावून बघतायत, अशा वेळी सरळ ताणून धरलेला कुणाचाही हात थोडा हलेल. पैलवानाचाही हलेल. दादाचा हलला.

“बघा!” मी म्हणालो. असा ओरडलो जणू काही जिंकलोच.

दादा हाताकडे बघत राहिला. मग त्याने तो खिशात घातला. मी त्याचा टायर काढला, भिंतीवर टांगला आणि खाली खडूने लिहिलं: ‘थरथराट’. माझ्या सख्ख्या भावाच्या टायरखाली. लोक पोट धरून हसले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी देवाने माफ केलं असतं. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी होत्या, पुतण्या नुकताच ऑफिसातून आला होता. मी डॉक्टरच्या थाटात सांगितलं, की ह्याच्या हाताला कंप आहे, टायरवर स्पष्ट दिसतोय, आज टायरवर निभावलं, उद्या कुणाच्या अंगावर गाडी जाईल. पुतण्या घाबरला. वहिनी दादाकडे बघायला लागल्या. दादा उठला, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

“मास्तर म्हणतोय म्हणजे असेल,” तो म्हणाला.

गाडी मी गॅरेजात आणून मागच्या बाजूला ताडपत्रीखाली ठेवली. विकताना बरी दिसावी म्हणून पुढे कोरा टायर चढवला. दादा काही दिवस पेटी घेऊन बसने जात होता. मग त्याने स्वतःच कारखान्यांना कळवलं की आता नको. मशीनची सुई बसवताना हात हलला आणि कुणाच्या बोटात गेली म्हणजे? चाळीस वर्षांचं काम त्याने चार फोन करून बंद केलं. मी म्हटलं, बरं झालं, आता आराम कर.

त्यानंतर चार महिन्यांनी नर्सबाई आल्या.

ह्या नर्सबाई घरोघर जाऊन पेशंटना इंजेक्शनं देतात, जखमांच्या पट्ट्या बदलतात. मोटरसायकल चालवतात ती वारा प्यायल्यासारखी. बॅग एकाच बाजूला लटकवलेली, ब्रेक शेवटच्या क्षणी, गाडी धुतलेली मी आयुष्यात बघितली नाही. सोमवारच्या रांगेत त्या एकदाही उभ्या राहिल्या नाहीत. “मला वेळ नाही मास्तर, तुमची शाळा चालू द्या,” म्हणून हात हलवून निघून जायच्या. त्यांच्यासाठी मी भिंतीवर एक खिळा रिकामा राखून ठेवला होता. क्लचची केबल तुटली म्हणून आल्या, तेव्हा मी आधी त्यांच्या पुढच्या टायरवर हात फिरवला. तोंडाला पाणी सुटलं होतं म्हणा ना.

टायर गुळगुळीत. म्हणजे नक्षी होती तशी शाबूत, आणि सगळीकडून सारखा झिजलेला. या कडेला तेवढाच, त्या कडेला तेवढाच.

“कधी बदलला हा?” मी विचारलं.

“बदलला कुठे? दोन वर्षं झाली.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ह्या बाईचा टायर नीट, आणि माझी सोमवारची माणसं भिंतीवर! म्हटलं, हवा बघतो. उस्तादांचं गेज लावलं. एकतीस.

“एकतीस!” मी हर्षाने ओरडलो. “अहो बाई, मोटरसायकल आहे ही, फुगा नाही!”

“पंचवीस आहे,” त्या म्हणाल्या. “कालच पेट्रोल भरताना बघितली.”

“आकडा समोर दिसतोय आणि...”

त्यांनी बॅगेतून पेनासारखं एक छोटं गेज काढलं, वाकून स्वतः लावलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. पंचवीस.

“हे खेळणं आहे,” मी म्हणालो.

“असेल. पण मी दिवसभर लोकांचं बीपी बघते, मास्तर. एका यंत्राचा आकडा पटला नाही की दुसऱ्याने बघायचं, ही आमची सवय. पेशंटला आधी नाही शिव्या घालायच्या.”

मी तणतणत समोरच्या टायरवाल्याकडे गेलो आणि त्याला त्याचं गेज घेऊन बोलावलं. त्याचं पंचवीस. त्याच्या दुकानात दुसरं होतं, ते आणलं. तेही पंचवीस. मग मी उस्तादांचं पुन्हा लावलं. एकतीस. गेज काढून घेतल्यावर सुई शून्याच्या वर तीन रेघांवर येऊन थांबली, रोजच्यासारखी. एकेक रेघ दोन पौंडांची.

मी गेज टेबलावर ठेवून दिलं.

दीड वर्षं. दीड वर्षं मी पंचवीस म्हणून एकोणीस भरत होतो. नव्हे, नुसतं भरत नव्हतो. कुणी बिचारा बाहेरून बरोबर हवा भरून आला, तर “जास्त आहे” म्हणून फुस्सकन सोडून देत होतो. हवा कमी असलेला पुढचा टायर रस्त्यावर लिबलिबत चालतो, खाली दबतो, उठतो, दबतो, आणि लाटालाटांनी झिजतो. एकदा तसा झिजला की हँडल थरथरणारच. हे मला माहीत नव्हतं का? शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मी भिंतीकडे बघितलं. एकूण एक टायर सोमवारच्या माणसांचे होते. जे माझं ऐकत नव्हते, त्यांच्यापैकी एकाचाही टायर तिथे नव्हता.

आणि मधोमध, ‘थरथराट’.

“काय झालं? बसा जरा,” नर्सबाई म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, हे कुणाला बोलू नका. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “मी कशाला बोलू? तुम्हीच बोलाल,” म्हणाल्या आणि गाडी काढून गेल्या. हा टोमणा होता की भरवसा, मला आजही कळलेलं नाही.

मी बोललो नाही. सांगायला शरम वाटते, पण बोललो नाही. त्याच दुपारी नवं गेज आणलं. उस्तादांचं फडक्यात गुंडाळून खणात टाकलं. सोमवारी कुणी विचारलं तर म्हटलं, जुनं आता जपून ठेवलंय, आठवण म्हणून. लोकांच्या चाकात गुपचूप पंचवीस भरली, खरीखुरी. एकजण म्हणाला, “मास्तर, काय केलंत, गाडी एकदम हलकी वाटतेय!” मी मान डोलावली. कौतुकसुद्धा पदरात पाडून घेतलं, बघा. स्वतःला समजावलं, झालं गेलं, आता तर सगळं सुरळीत होईल. दादाचं मनात आलं की मी कुठलातरी नट आवळायला घ्यायचो. त्या आठवड्यात मी दोन नट पिरगळून तोडले.

बारा दिवस असे काढले. तेराव्या दिवशी सुट्टी होती आणि दादाकडे आम्हाला जेवायला बोलावलं होतं.

गेलो तेव्हा दादा आतल्या खोलीत तयार होत होता. दार अर्धं उघडं होतं. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहून त्याच्या शर्टाची बटणं लावत होत्या, वरपासून खालपर्यंत, एकेक. तो मान वर करून उभा होता, शाळेत निघालेल्या मुलासारखा. मी तोंड फिरवलं.

जेवणं झाल्यावर चहा आला. सगळ्यांचे कप भरलेले, दादाचा अर्धाच. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. प्यायला, खाली ठेवला, तोही दोन्ही हातांनी. सुईत दोरा ओवणारा माणूस! आणि मग माझ्या बायकोकडे बघून हसत म्हणाला, “तुझ्या नवऱ्याने वाचवलं हो मला. मला स्वतःला काही कळलं नव्हतं. त्याने टायरवरून ओळखलं. नाहीतर मी कुणाच्या तरी लेकराच्या अंगावर गाडी घातली असती.”

“बोलतात तिखट, पण माया आहे भाऊजींची,” वहिनी म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कप ठेवला आणि म्हणालो, “दादा, तुझे हात ठीक आहेत.”

“असू दे रे.”

“असू दे काय! ठीक आहेत. ठीकच होते. माझं गेज बिघडलेलं होतं. मी तुझ्या चाकात हवा कमी भरत होतो. दर सोमवारी. हँडल खरंच थरथरत होतं. तू खरं सांगत होतास.”

पुतण्याने फोन खाली ठेवला. मग माझ्याच्याने राहवेना, मी सगळं ओकून टाकलं. गेज पडलं ते, सुई वर राहायची ते, मला दिसत होतं ते, नर्सबाई, टायरवाला, आणि बारा दिवस मूग गिळून बसलो तेही.

“बारा दिवस?” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “भाऊजी, चार महिने मी ह्यांची बटणं लावतेय. रात्री कूस बदलली तरी ह्यांचा हात धरून बघते, हलतोय का. चार महिने तुम्हाला माहीत नव्हतं, समजू शकते. पण बारा दिवस तुम्हाला माहीत होतं आणि मी बटणं लावत होते.”

मी समोरचा कप उगाच सरळ केला.

“इथे घरात काय सांगताय?” त्या म्हणाल्या. “जिथे आठ माणसांत ह्यांचा हात पुढे करायला लावलात, तिथे सांगा.”

दादा एवढंच म्हणाला, “राहू दे गं. त्याच्या धंद्याचा प्रश्न आहे.”

हे ऐकून तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसरा दिवस सोमवार होता. रांग लागली. मी उस्तादांचं गेज खणातून काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. लांबण लावली नाही. हे गेज सहा पौंड जास्त दाखवतं, दीड वर्षापासून, तुमचे टायर तुम्ही नाही, मी खाल्ले. ‘ब्रेकवर उभे’ संतापले, तोंडाला येईल ते बोलले, त्यांचा हक्क होता. ‘घाईगर्दी’ मात्र नुसतेच म्हणाले, “म्हणजे मी हळू चालवायला शिकलो ते उगाच?” आणि हसले. त्यांच्या शिव्या परवडल्या असत्या. मी एकेक टायर खाली उतरवला, ओल्या फडक्याने खडूची नावं पुसली. दादाच्या टायरशी आलो तेव्हा वळून म्हणालो, “त्या दिवशी इथे जे होते त्यांनी नीट ऐका. माझ्या भावाच्या हातात कंप नव्हता. कंप माझ्या गेजात होता आणि माज माझ्यात.” त्या दिवशी जो पहिला हसला होता, तो पायाने जमीन उकरत उभा राहिला.

दुपारी दादा आणि वहिनी आले. मी आधीच गाडीवरची ताडपत्री काढून, पुसून, साखळीला तेल देऊन तयार ठेवली होती. पुढच्या कोऱ्या टायरमध्ये पंचवीस, तीन वेगवेगळ्या गेजांनी बघितलेली. किल्ली दादाच्या हातावर ठेवली.

“चालव,” मी म्हणालो. “कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. हँडल लोण्यासारखं झालंय बघ.”

तो गाडीवर बसला. चार महिन्यांनी. दोन्ही पाय टेकले, आरसा सरळ केला, तोंडावर थोडं हसू आलं. मग किल्ली लावायला हात पुढे केला. किल्ली भोकाच्या कडेला लागली. पुन्हा लागली. टिकटिक आवाज यायला लागला. मी मदतीला हात पुढे केला, तो वहिनींनी मागे ओढला.

हात हलत होता. आठ माणसं बघत नव्हती, बघायला वहिनी आणि मी दोघंच होतो. तरी हलत होता, चांगलाच.

दादाने किल्ली मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गिऱ्हाईक मेकॅनिककडे बघतं तसं, खरंच काहीतरी विचारायचं असलेलं.

“छोट्या, आता मला नीट सांग,” तो म्हणाला. “हे आधीपासून होतं, की तू म्हटल्यापासून झालंय?”

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. विचारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत असतं. मी त्याच्या हाताकडे बघितलं, त्याच हाताने मला पहिला पाना दिला होता.

“माहीत नाही, दादा,” मी म्हणालो, आणि तिथेच, भर गॅरेजात, रडलो.

त्याने गाडीवरून उतरून माझ्या पाठीवर थोपटलं. “घरी नेऊन लाव. बघू उद्या,” म्हणाला.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात, आजार नाही, भीती बसलीय, जाईल हळूहळू. कधी जाईल ते त्यांनाही सांगता येत नाही. त्याला आता तीन महिने झाले. गाडी त्याच्या दारात उभी आहे. दर सोमवारी सकाळी आठ वाजता मी तिथे जातो. आठला रांग लावू नका, मी गॅरेजात उशिरा येतो, असं लोकांना सांगून ठेवलंय. उकिडवं बसतो, एका गेजने हवा बघतो, मग दुसऱ्याने बघतो. टायरवर तळहात फिरवतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे पायरी नाही, खळगा नाही. नव्या रबरावर बारीक केस असतात ना, पहिल्या आठवड्यात झडून जातात, ते अजून तसेच उभे आहेत. इतका सारखा टायर मी आयुष्यात कुणाचा पाहिला नाही.

दादा दारात येऊन उभा राहतो. “बरोबर आहे ना हवा?”

“बरोबर आहे.”

मग तो आतून वही आणतो. त्याच्या मोत्यासारख्या अक्षरातली पानं उलटत कोऱ्या जागेवर येतो आणि वही माझ्यापुढे धरतो.

“तूच लिही,” म्हणतो.

मी तारीख घालतो आणि पुढे लिहितो, पंचवीस.